हवेतलं काम आणि जमिनीवरची तयारी : कॅज्युअल्टी, आयसीयू आणि एअर ॲम्ब्युलन्समधली नर्स

या विषयावर बोलायला उभं राहिलं की पहिला प्रश्न हमखास येतो तो हेलिकॉप्टरचा. विमानातून पेशंट नेणारी नर्स नेमकं काय करते, भीती वाटत नाही का, मुलीला या लाइनला घालायचं तर काय शिकवावं? प्रश्न रास्त आहेत. पण आज आम्ही तिथे थोडा वळसा घेऊन पोहोचणार आहोत. कारण हवेत जे करायचं असतं ते बहुतेक जमिनीवर शिकलेलं असतं, आणि त्यातलं बरंचसं चाकं जमिनीवर असतानाच उरकलेलं असावं लागतं. हे न कळल्यामुळे पेशंट दगावतात. म्हणून हा वळसा.

आम्ही म्हणजे कॅज्युअल्टी, आयसीयू आणि पेशंट हलवणं ही तिन्ही कामं केलेल्या परिचारिका. 'परिचारिका' हा शब्द सरकारी कागदावर बरा दिसतो. वॉर्डात कोणी तो वापरत नाही. तिथे आम्ही सिस्टर, पुरुष असला तर ब्रदर.

कॅज्युअल्टीपासून सुरुवात करू. संध्याकाळची वेळ, एकदम दोन पेशंट येतात. एकाचा हात काचेने कापलाय, रक्ताने शर्ट भिजलाय, तो ओरडतोय आणि त्याच्यासोबतचे आठ जण त्याहून मोठ्याने ओरडतायत. दुसरे साधारण पंचावन्नचे गृहस्थ, बायकोच्या खांद्याला धरून चालत आलेले. म्हणतात, "पित्त झालंय, सोडा घेतला, पण ढेकरच येत नाही." कपाळावर घाम, चेहरा राखेसारखा. आधी कोणाकडे जायचं?

हाताला घट्ट दाबपट्टी बांधून, तो हात उंच धरायला सांगून, आधी त्या काकांकडे जायचं. छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखतंय म्हणणाऱ्याचा ईसीजी आल्यापासून १० मिनिटांच्या आत निघाला पाहिजे, असा जगभरचा दंडक आहे. हार्ट अटॅक असेल तर प्रत्येक मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो, आणि आपल्याकडे त्याला पित्त म्हणून घरात दोन-तीन तास आधीच गेलेले असतात. या निवाड्याला ट्रायाज म्हणतात. लाल म्हणजे आत्ता, पिवळा म्हणजे थोड्या वेळाने चालेल, हिरवा म्हणजे थांबू शकतो. मोठ्या अपघातात काळी पट्टीही असते, तिच्याबद्दल वेगळं बोलायला हवं. कॅज्युअल्टीत बऱ्याचदा हा निवाडा सिस्टरच करते, तोही दोन-तीन मिनिटांत, अर्धवट माहितीवर. आणि तिथेच आम्ही एक उलटी गोष्ट शिकतो. जो ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे. गप्प पडलेलं लेकरू, सुई टोचली तरी न रडणारं लेकरू, त्याच्याकडे आधी धावायचं. ज्या आठ नातेवाइकांना आपण मागे ठेवलं त्यांच्या शिव्या खाणं हाही कामाचाच भाग, पण तो कुठल्या अभ्यासक्रमात नाही.

आता आयसीयू. लोकांना वाटतं आयसीयू म्हणजे यंत्रं. पण या कल्पनेचा जन्म यंत्राअभावी झालेला आहे. १९५२ साली डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला पोलिओची भयानक साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेले पेशंट रोज दाखल होत होते आणि त्यांतले ८० टक्क्यांहून जास्त जात होते. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने सुचवलं की गळ्यात छिद्र पाडून नळी घाला आणि पिशवी हाताने दाबून श्वास द्या. आता एवढ्या पेशंटना रात्रंदिवस पिशवी कोण दाबणार? सुमारे १,५०० वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून बसले. मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. त्यातून पुढच्या वर्षी तिथे जो कायमचा विभाग उभा राहिला, त्याला पहिला आयसीयू मानतात. म्हणजे आयसीयूचा खरा अर्थ काय? पेशंटशेजारून न हलणारा, त्याच्याकडे सतत बघणारा माणूस. व्हेंटिलेटर नंतर आला.

तो माणूस म्हणजे आजची आयसीयू नर्स. व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटला प्रत्येक पाळीत एक नर्स असावी, असं आपल्याकडचं प्रमाण सांगतं. प्रत्यक्षात एकीकडे तीन-तीन पेशंट असलेल्या रात्री आम्ही काढल्या आहेत. असो. मुद्दा बघण्याचा आहे. रात्रीचे तीन वाजलेत. पेशंटचं बीपी मॉनिटरवर नॉर्मल आहे. पण श्वासाची गती संध्याकाळी १८ होती, ती आता २६ झाली. पाय गुडघ्यापर्यंत गार लागतायत. साठ किलोच्या माणसाला तासाला किमान ३० मिली लघवी व्हायला हवी, ती सलग दोन तास १५-१५ मिलीच झाली. यातली एकेक गोष्ट क्षुल्लक वाटते. एकत्र धरली तर शरीर बीपी कसंबसं टिकवून धरतंय आणि तासाभरात हात सोडणार आहे, हे कळतं. अलार्म तेव्हा वाजेल. सिस्टरला तो वाजायच्या आधी कळायला हवं.

आणि कळून भागत नाही, सांगता यायला हवं. झोपेतून उठलेल्या डॉक्टरला "सर, पेशंट बरा वाटत नाही" म्हटलं तर उत्तर येतं, "बरं, वॉच करा." म्हणून एक ठरीव पद्धत वापरतात, जी मुळात अमेरिकी नौदलातून रुग्णालयांत आली. आत्ता काय घडतंय, पेशंटचं मागचं काय, मला काय वाटतं, आणि तुम्ही काय करावं असं मी सुचवते. अर्ध्या मिनिटात चार वाक्यं. शेवटची दोन वाक्यं आपल्याकडच्या सिस्टरला सगळ्यांत जड जातात. 'मला वाटतं' म्हणायची सवयच लावलेली नसते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता विमानाकडे येऊ. नर्स आणि विमान यांचं नातं जुनं आहे. १९३० साली जगातली पहिली एअर होस्टेस झालेली एलन चर्च ही मुळात नर्स होती. खरं तर तिला पायलट व्हायचं होतं, पण बाईला ते काम मिळेना, तेव्हा तिने कंपनीला पटवलं की विमानात नर्स असली तर प्रवाशांची भीती जाईल. दुसऱ्या महायुद्धात जखमींना विमानाने आणायला खास प्रशिक्षित फ्लाइट नर्स तयार केल्या; अमेरिकेत त्यांची पहिली तुकडी फेब्रुवारी १९४३ मध्ये बाहेर पडली. रुग्णालयाच्या स्वतःच्या हेलिकॉप्टरची सेवा तिथे १९७२ मध्ये डेन्व्हरला सुरू झाली. आपल्याकडे एम्स ऋषिकेशची 'संजीवनी' ही सरकारी हेली-ॲम्ब्युलन्स ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. पुढच्या मे महिन्यात केदारनाथला एका पेशंटला आणायला जाताना तेच हेलिकॉप्टर उतरताना आपटलं आणि शेपटी तुटली. आतले सगळे वाचले. काम धोक्याचं आहे हे लपवण्यात अर्थ नाही.

विमान वर गेलं की काय बदलतं? हवेचा दाब. समुद्रसपाटीला तो पाऱ्याच्या ७६० मिलीमीटर इतका असतो. एअर ॲम्ब्युलन्सचं विमान कितीही उंच उडो, केबिनमधला दाब यंत्राने राखलेला असतो. पण तो जमिनीइतका नसतो, साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीच्या डोंगरावर असावा इतका असतो. ८,००० फुटांना तो ५६५ च्या आसपास येतो. याचे दोन परिणाम आहेत आणि दोन्ही जमिनीवर बसून आकडेमोड करण्यासारखे आहेत.

पहिला, ऑक्सिजन पातळ होतो. जमिनीवर व्हेंटिलेटरवर ४० टक्के ऑक्सिजनवर छान असलेल्या पेशंटला तेवढाच ऑक्सिजन वर मिळायचा, तर ५४ टक्के द्यावा लागेल. ७६० भागिले ५६५, गुणिले ४०. शाळेतलं गणित आहे. पण जो पेशंट जमिनीवरच ८० टक्क्यांवर आहे त्याचं उत्तर १०० च्या पुढे जातं. म्हणजे त्याला या उंचीवर पुरेसा ऑक्सिजन देताच येणार नाही. मग पायलटला सांगून खालून उडायचं, त्याला इंधन जास्त लागतं, मग वाटेत उतरायचं का ते ठरवायचं, किंवा आज न्यायचंच नाही. हे निघायच्या आधी कळलं तर निर्णय. वर गेल्यावर कळलं तर अपघात.

दुसरा परिणाम, हवा फुगते. जमिनीवरची १०० मिली हवा ८,००० फुटांना सुमारे १३५ मिली होते. चिवड्याचं पाकीट घाटमाथ्यावर फुगलेलं तुम्ही पाहिलं असेल, तेच. आता ही हवा पेशंटच्या शरीरात कुठे कुठे अडकलीय ते शोधा. अपघातात बरगडी मोडून फुप्फुसाभोवती थोडी हवा साठलेली असेल, एक्स-रेमध्ये जेमतेम दिसणारी, तर ती वर फुगून फुप्फुस दाबू शकते. म्हणून छातीत नळी आधीच घालून घ्यायची आणि ती उड्डाणात क्लॅम्प करायची नाही. आतड्याला पीळ पडलेल्याच्या पोटात नाकावाटे नळी हवी. श्वासनलिकेतल्या नळीच्या टोकाला हवेचा छोटा फुगा असतो, त्याला आम्ही कफ म्हणतो. तो फुगला तर श्वासनलिकेची आतली त्वचा चेपते, म्हणून वर जाताना त्याचा दाब मोजून कमी करायचा आणि, हे विसरतात, खाली येताना परत भरायचा. नाहीतर उतरताना कफ ढिला पडतो आणि बाजूने हवा गळते.

हेलिकॉप्टरचं वेगळं असतं. ते बहुधा खालून उडतं, दाबाचा त्रास कमी. पण आवाज आणि हादरे इतके की स्टेथोस्कोप कानाला लावून काही उपयोग नाही. अलार्म ऐकू येत नाहीत. हाताने नाडी लागत नाही, कारण तुमचाच हात थरथरतोय. मग डोळ्यांनी काम करायचं. छाती दोन्ही बाजूंना सारखी वर येते का, श्वासातून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची रेघ पडद्यावर नीट उमटते का. ती रेघ सपाट झाली म्हणजे बहुतेक नळी निसटली. आयसीयूत जिने अलार्मच्या आधी पेशंटकडे बघायची सवय लावून घेतली, ती इथे टिकते.

आणखी एक साधी गोष्ट. विमान एकदा उडतं, पण पेशंट सहा वेळा हलतो. पलंगावरून ट्रॉलीवर, ट्रॉलीवरून ॲम्ब्युलन्सच्या स्ट्रेचरवर, तिथून विमानात, विमानातून परत ॲम्ब्युलन्सला, मग रुग्णालयाची ट्रॉली, मग पलंग. नळ्या, सुया, ड्रेन निघतात ते या सहा वेळी. प्रत्येक वेळी एकीने नळी हातात धरायची, बाकी काही धरायचं नाही, आणि "एक-दोन-तीन" तिनेच म्हणायचं.

आता आमची चूक सांगतो. ही विमानातली नाही, रस्त्यावरची आहे, आणि तरी इथेच तिची जागा आहे. काही वर्षांपूर्वी एका गावातल्या रुग्णालयातून व्हेंटिलेटरवरचा पेशंट शहरात न्यायचा होता. रात्र, पाऊस, नातेवाइकांची घाई, आणि वरिष्ठ म्हणत होते, "निघा लवकर, तिकडे बेड धरून ठेवलाय." गाडीत दोन सिलिंडर होते, दोन्ही भरलेले, काटा आम्ही स्वतः पाहिला. बी टाइपच्या सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला १० लिटर लागले तर अडीच तास. दोन सिलिंडरचे पाच तास आणि प्रवास साडेतीनचा. हिशेब बरोबर होता. घाटात ट्रक उलटलेला. आधीच रांग लागलेली. पहिला सिलिंडर संपला. दुसरा लावायला गेलो तर चावी नाही. सिलिंडर उघडायची ती लोखंडी चावी, तिची किंमत चहा-भज्यांएवढीही नसेल. ती त्या गावातल्या वॉर्डात दुसऱ्या सिलिंडरवर अडकून राहिली होती.

भरलेला सिलिंडर पायाशी आणि आम्ही अंबू बॅगने साध्या हवेवर श्वास देतोय. सॅच्युरेशन ९६ वरून ७८ वर आलं. ड्रायव्हर पावसात ट्रकांच्या रांगेत पळत गेला, प्रत्येक केबिनवर थाप मारत, आणि वीसेक मिनिटांनी एका ट्रकवाल्याचा पाना घेऊन आला. पेशंट वाचले. पण ते आमच्या हुशारीने नाही, त्या ट्रकवाल्याच्या हत्यारांच्या पेटीमुळे.

चावी विसरली ही चूक होतीच. पण मागे वळून बघताना आम्हाला दुसरीच गोष्ट खुपते. निघताना आमच्यातल्या एकीला वाटलं होतं की सिलिंडर बदलून बघायला हवा, पाच मिनिटं थांबू या. ती बोलली नाही. वरिष्ठ घाई करत होते, नातेवाईक दारात उभे होते, आणि थांबा म्हणायचा अधिकार आपला नाही असं तिला वाटलं. मघाशी म्हटलं ना, 'मला वाटतं' म्हणायची सवय लावलेली नसते.

विमानवाल्यांनी हे फार पूर्वी ओळखलं. हेलिकॉप्टर सेवांमध्ये एक नियम असतो. उडायचं तर सगळ्यांचं 'हो' लागतं. न उडायला एकाचं 'नाही' पुरतं, मग तो एक कितीही ज्युनिअर असो. कारण नंतर विचारतात, तिथेच नाही. अनेक ठिकाणी पायलटला पेशंट किती गंभीर आहे हे मुद्दाम सांगत नाहीत. लहान मूल आहे, मरतंय, असं कळलं तर माणूस ढगातही उडायला जातो आणि एकाऐवजी चार जण जातात. त्याने फक्त हवामान बघून ठरवायचं. पायलटला हा अधिकार आहे, तर पेशंटची नळी धरणाऱ्या सिस्टरला का नसावा? हे आम्ही तावातावाने विचारत नाही. जिथे हा अधिकार कागदावर लिहून दिलेला असतो, तिथे तो रोज वापरावा लागत नाही. पण तो आहे म्हणून चावी आधी तपासली जाते.

आता शिक्षणाचं बोलू, तुमच्यातले बरेच जण त्यासाठीच बसले आहेत. बारावीनंतर चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग किंवा तीन वर्षांचं जीएनएम. मग महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. त्यानंतर लगेच एअर ॲम्ब्युलन्सच्या जाहिराती बघू नका. आधी आयसीयू आणि कॅज्युअल्टी मिळून किमान तीन वर्षं काढा. अमेरिकेतही फ्लाइट नर्स घेताना साधारण तीन ते पाच वर्षांचा असा अनुभव बघतात. मग एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे, क्रिटिकल केअरचा वेगळा, इमर्जन्सी आणि आपत्तीचा वेगळा. बी.एस्सी. असेल तर भारतीय परिचर्या परिषदेचा 'नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर' हा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, आणि त्यात दोन्ही वर्षं मुख्यतः आयसीयूतच जातात. मुलींना सैन्याची वाटही आहे, पुण्याच्या एएफएमसीमधलं नर्सिंग कॉलेज. तिथून मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये अधिकारी म्हणून जाता येतं.

अडचण पुढे येते. महाराष्ट्राची १०८ सेवा २०१४ मध्ये सुरू झाली, तिच्या गाडीत डॉक्टर असतात आणि चालक असतो. गंमत म्हणजे त्या चालकाला तिथे पायलट म्हणतात. नर्सची जागा त्या रचनेत नाही. खासगी एअर ॲम्ब्युलन्समध्ये बहुधा डॉक्टरसोबत एक नर्स किंवा पॅरामेडिक घेतात, आणि पुष्कळदा ती सिस्टर रुग्णालयाच्या पाळीतून उचललेली असते. आज आयसीयू, उद्या विमान, परवा परत वॉर्ड. वेगळं पद नाही, वेगळी परीक्षा नाही. अमेरिकेत इमर्जन्सीची, क्रिटिकल केअरची आणि उड्डाणाची अशा तीन वेगळ्या प्रमाणपत्र परीक्षा नर्ससाठी आहेत, आणि हेलिकॉप्टरमध्ये बहुधा डॉक्टर नसतोच. एक नर्स, एक पॅरामेडिक आणि पायलट. म्हणून आमच्या चांगल्या मुली बाहेर जातात. त्यांना दोष देण्यात काही अर्थ नाही. २०२३ साली नर्सिंगसाठी नव्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, १९४७ चा जुना कायदा मागे पडतोय. त्यातून अशी पदं निघतात का, हे बघायचं.

चिठ्ठ्यांमध्ये एक प्रश्न आलाय, तो घेऊन थांबतो. "आमच्या वडिलांना पुढच्या आठवड्यात दुसऱ्या शहरात हलवायचंय, ऑक्सिजनवर आहेत. काय विचारावं?" चार गोष्टी विचारा. सोबत कोण येणार आणि त्यांनी असा पेशंट आधी नेलाय का. मिनिटाला किती लिटर लागतो आणि गाडीत किती तासांचा आहे. प्रवासाच्या दुप्पट हवा. ते नाकातल्या हाय फ्लोवर असतील, मिनिटाला ५० लिटर वगैरे, तर १,५०० लिटरचा तो सिलिंडर अर्ध्या तासात संपतो, तेव्हा हे आधी सांगाच. तिकडे पेशंट स्वीकारणाऱ्या डॉक्टरचं नाव काय आणि त्यांच्याशी इथल्या डॉक्टरांचं बोलणं झालंय का. आणि सिलिंडर एकदा तुमच्यासमोर बदलून दाखवायला सांगा. सिस्टर वैतागेल कदाचित. वैतागू द्या.